मागच्या सीटवरची आई

९ जानेवारी

मोटार-परीक्षक महाशय,

फोन तू उचलत नाहीस आणि नव्या घराचा पत्ता कळवलेला नाहीस, म्हणून मासिकाच्या पत्त्यावर लिहितेय. पाकिटावर ‘वाचकांची पत्रे’ असं घातलंय. खोटं नाही ते. मी तुझी वाचक आहेच. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे ‘मागच्या सीटवरून’ हे तुझं सदर दर महिन्याला मी मोठ्याने वाचते. एकदा वाचून तिचं भागत नाही, दोनदा वाचावं लागतं.

या अंकात तू तिला मोठ्या पांढऱ्या सेडानमध्ये बसवलंस. तिने म्हणे मागच्या सीटवर अंग टाकलं, पाय लांब केले, खराब रस्त्यावरून गाडी गेली तरी तिचा डोळा लागला, आणि उतरताना म्हणाली, ‘पोरा, पोटातलं पाणी हललं नाही बघ.’ बसण्याच्या सुखाला दहापैकी नऊ. मी वाचत होते तेव्हा आई पलंगावर पडलेली होती, गुडघ्यांमध्ये उशी घालून, डॉक्टरांनी सांगितलंय तशी. मी म्हटलं, “ऐकतेयस ना?” तर म्हणाली, “नऊ दिले का मी? बरोबर आहेत.”

तुला ठाऊक असायला हवं, पण त्यासाठी विचारावं लागतं. थंडी सुरू झाली तेव्हा आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू घातलेत. वॉकर धरून ती पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथे पोचली की मोठा गड जिंकल्यासारखी माझ्याकडे बघते. मी तुला तेव्हा निरोप धाडला होता. ‘काळजी घे तिची, अंकाच्या गडबडीत आहे,’ असं तुझं उत्तर आलं. त्याच अंकात तिला तू करड्या सेडानमधून हायवेवर नेलंस. वाटेत ती चहाला उतरली आणि ‘तरुण पोरीसारखी टुणकन’ परत आत बसली. टुणकन हा शब्द वाचताना मी थांबले. आई म्हणाली, “वाच की पुढे.”

बाबा गेल्यावर त्यांची ड्रायव्हिंग स्कूल आपण दोघांनी चालवायची असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबांनी ठरवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांसाठी ब्रेकवर पाय ठेवून मी बसणार नाही, असं म्हणालास, आणि या खुराड्यात पुन्हा पाऊल टाकणार नाही असंही म्हणालास. तीन वर्षं टाकलं नाहीस. शब्दाचा पक्का निघालास, आपल्या घराण्यात पहिलाच. पण मग जाताना आईला सोबत न्यायला नको होतंस. इथली इथे ठेवलीस आणि तिथे मासिकात दर महिन्याला फिरवतोस, याला काय म्हणायचं?

खालचा केमिस्ट तुझा भक्त आहे. त्याला घरासाठी मोठी सेडान घ्यायची आहे. बायको, दोन मुलं आणि सासूबाई मावल्या पाहिजेत. औषधं द्यायला स्वतः वर येतो आणि आईच्या पायाशी स्टूल ओढून बसतो. “काकू, तुम्ही सगळ्यांत बसलायत. मनापासून सांगा, कुठली?” मला वाटलं आता ही काय बोलते. तर बाईसाहेब छताकडे बघत सांगतात, “करडीचं वळण बघावं. शेजारी ठेवलेली पिशवीसुद्धा जागची हलत नाही. पण पाठ सुखात हवी असेल तर पांढरी.” पोपटासारखं. तुझं वाक्य, तुझ्या अंकातलं, जसंच्या तसं. तो मान डोलावत खाली गेला. आमच्या शिकवणीच्या डबड्या हॅचबॅकपलीकडे ही बाई कुठल्या गाडीत बसलेली नाही, हे मी त्याला सांगणार होते. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मूग गिळून गप्प बसले.

तो गेल्यावर मी भांडले. म्हटलं, लोकांना फसवतेस. तर म्हणाली, “एकदा त्याच्या गाडीत बसले ना, की मग खोटं उरणारच नाही काही.”

म्हणून लिहितेय. एक तर ये आणि तिला खरोखर एकदा बसव, नाहीतर सदरातून तिला उतरव. मला विचारशील तर उतरव. तिला विचारशील तर ती बाहेर जायचे कपडे हाताशी ठेवून बसली आहे. हे पत्र मी लिहिलंय हे तिला माहीत नाही.

ताई

११ फेब्रुवारी

भाऊराया,

उत्तर मिळालं. मासिकाच्या जाड कागदावर आठ ओळी, त्यातल्या सहा गाड्यांवर. उरलेल्या दोनांत तू मला साहित्य शिकवलंस. सदरातली आई हे ‘पात्र’ आहे, वाचकाला घरचं वाटावं म्हणून, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. कळलं. म्हणजे एक आई तू सांभाळतोस आणि एक मी. तुझी गुण देते. माझीला कूस बदलायला हात द्यावा लागतो. वाटणी बरी झाली.

आणि केमिस्टला ‘डोळे झाकून पांढरी घ्यायला सांग’ म्हणालास. डोळे झाकून त्याने आधीच ठरवलं होतं, पण त्याच्या बायकोने मला गळ घातली की मॅडम, तुम्ही शिकवता, तुम्ही सोबत चला. तेव्हा पांढरी, करडी आणि शोरूममधली तिसरी, निळी, अशा तिन्ही गाड्या मी स्वतः चालवून पाहिल्या. शोरूमवाला पोरगा शेजारी बसून सारखा म्हणत होता, मॅडम सावकाश. मला सावकाश!

तर ऐक, कधी नव्हे ते आपण एका विषयावर बोलू. पांढरीत सरळ रस्त्यावर खरंच गादीवर बसल्यासारखं वाटतं. खड्डा आला तर कुठून तरी दूरवरून आवाज येतो, आपल्याला काही नाही. पण वळण घेतलं की सगळी गाडी एका अंगाला कलते आणि वळण संपल्यावर सावकाश सावरते. पुढे बसलेल्याला स्टिअरिंगचा आधार असतो. मागच्या माणसाने काय करायचं? हे तुझ्या लेखात कुठे नाही. करडी उलट. हात हलवला की वळते, सांगितलेलं ऐकते, असा विद्यार्थी मला वर्षातून एखादा मिळतो. पण रस्त्याचा प्रत्येक सांधा ती मणक्यात मोजून देते. निळी या दोघींच्या मधली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. गावात सिग्नलला थांबत थांबत गेली की तिचं अॅव्हरेज ऐकून खोटं वाटतं, इतकं चांगलं. हायवेवर नेली की तेच अॅव्हरेज बाकीच्यांच्या पंगतीला येऊन बसतं. तू लिहिलंयस, ‘दिसते हत्तीण, खाते चिमणीएवढं.’ म्हणजे ते तू मागच्या वर्षी कुठल्या तरी डिझेल गाडीबद्दल लिहिलं होतंस, तेही आईच्याच तोंडी. चिमणी गावात खरी, बाहेर नाही. लिहिणाऱ्याने दोन्ही लिहावं.

मी केमिस्टला म्हटलं निळी घे. त्याने पांढरी घेतली. “काकूंनी नऊ दिलेत ना,” म्हणाला. पहिल्याच रविवारी घाटातून जाताना त्याच्या सासूबाईंना मागच्या सीटवर ओकारी झाली, नव्या कोऱ्या कव्हरवर. सोमवारी औषधं घेऊन वर आला तो चेहरा पाडून. आईला म्हणाला, “काकू, तुम्ही तर म्हणाला होतात…” आई जराही डगमगली नाही. “चालवणाऱ्याचा हात हलका लागतो,” म्हणाली. “माझा मुलगा चालवतो तेव्हा असं होत नाही.”

बिचाऱ्याने वर आणखी तिलाच विचारलं की दवाखान्यात तपासणीला जायचंय ना, मी सोडतो, माझ्या गाडीतून चला. पांढरी सेडान दारात उभी. जिला तिने नऊ दिले तीच. मी तिचा वॉकर पुढे केला. आई म्हणाली, “नको. आधी त्याच्या गाडीत बसेन, मग लोकांच्या.” आणि अॅम्ब्युलन्सच्या व्हॅनमधून गेली, खडखडत, ओठ मिटून.

मला तिचा इतका राग आला की दिवसभर मी शिकणाऱ्यांवर ओरडत होते. एका बाईंनी क्लच सोडला तर मी त्यांना म्हटलं, सोडा, सोडा, सगळं सोडा. त्या रडायला लागल्या.

तू उंटावरून शेळ्या हाकतोस, आणि शेळी इथे तुझी वाट बघत असते. याहून मऊ शब्द मला येत नाहीत. येणार आहेस की नाहीस एवढं एका ओळीत लिही. गाड्यांवर काही लिहू नकोस.

ताई

४ मार्च

धाकट्या,

तुझा निरोप आला, पण माझ्याकडे नाही, आईच्या फोनवर. म्हणजे मीच वाचला. ‘आई, वीस तारखेला निळी घेऊन येतोय. तीन गाड्यांची मोठी तुलना आहे. वाचक म्हणतात खरी आई दाखवा. फोटोवाला सोबत असेल. तयार राहा.’ तिने मला तो चार वेळा वाचायला लावला. मग फोन हातात घेऊन स्वतः बघत बसली. अक्षर दिसत नाही तिला, तरी.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. फोटो हवा झाला तेव्हा तुला घर आठवलं. पण ती इतकी खूश आहे की मी तोंड बंद ठेवायचं ठरवलंय, आणि तू मला ओळखतोस, ही माझ्याकडून काही लहान गोष्ट नाही.

तिची तयारी सुरू झाली. मोठी सेडान खाली असते, रस्त्याला टेकलेली. तिच्या खुब्याला खाली बसणं वर्ज्य आहे. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, गुडघ्यापेक्षा कंबर खाली जाता कामा नये. तर ती रोज माझ्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पायरी जिना उतरते, तळाशी आमची हॅचबॅक उभी असते तिथे येते, आणि मागच्या सीटवर बसायचा सराव करते. शेजारची शिवणवाली खिडकीतून बघते. मला म्हणाली, “या वयात गाडी शिकवताय का काकूंना?” मी म्हटलं, गाडी नाही, बसायला शिकतायत. पहिल्या दिवशी अर्ध्यातच थांबली. काल बसली. चेहऱ्यावर घाम होता, पण बसली, आणि म्हणाली, “ही तर उंच आहे गं. त्याची किती खाली असेल?” मी हाताने दाखवलं.

आता नीट वाच. हे काही सदर नाही.

तिला आधी पाठमोरी उभी करायची. मग सीटवर टेकवायची. मग दोन्ही पाय एकत्र, तू स्वतः उचलून, आत घ्यायचे. एक पाय आत, एक बाहेर असं एक क्षणही ठेवायचं नाही. सीटवर आधी घट्ट उशी घालायची, ती मी देईन. पंधरा मिनिटांच्या वर बसवायचं नाही. वळणं सावकाश. गाडी वळणावर कशी चिकटते ते तुला दाखवायचं असेल तर फोटोवाल्याला बसव आणि दाखव. स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबव. तिला दुखलं तर ती सांगणार नाही, म्हणून ‘दुखतंय का’ असं विचारून उपयोग नाही. आरशात तिच्या हातांकडे बघ. हात मांडीवर सैल असतील तर ठीक. काही घट्ट धरलं असेल तर थांब.

आणि तिच्याशी बोल. काहीही बोल. तू जेवतोस का, झोपतोस का, कोणी आहे का तुझ्याबरोबर, खोकला अजून होतो का. या गोष्टी ती मला विचारते आणि मी सांगते, असेल बरा. जेवायला थांबणार असशील तर आधी कळव. नसशील तरी कळव, म्हणजे ती उगाच उभी राहून करत बसणार नाही.

ताई

२३ मार्च

धाकट्या,

आलास, बरं वाटलं. परत नीट पोचलास हे फोटोवाल्याकडून कळलं, त्याने फोटो पाठवले तेव्हा. फोटो छान आहेत. आई दारात उभी, आई गाडीत, आई काचेतून बघतेय. मी कुठे नाही ते बरंच झालं, मी पुढच्या सीटवर उशी हातात घेऊन बसले होते.

तुला घाई होती हे आम्हाला कळलं. जेवण डब्यात भरून देता आलं एवढं पुरे. निळी तुझ्या हातात बरी चालते. गोदामांजवळच्या चौकात तू घेतलेला तो वेगातला वळसा मी घेतला नसता, पण तो तुझा व्यवसाय आहे.

तुला आईकडून तीन चांगली वाक्यं मिळाली म्हणून तू खूश होतास. फोनवर रेकॉर्ड केलीस, मी बघितलं. उतरल्यावर मला म्हणालास, “ताई, मी लिहितो ती आई आणि ही, काही फरकच नाही गं!” मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाहीये.

आई जरा दमली आहे. पडून आहे. अंक निघाला की लगेच पाठव, डाकेची वाट बघायला लावू नकोस. तिला घाई आहे.

ताई

१९ एप्रिल

धाकट्या,

अंक आला. वाचून दाखवला. आता मी सगळं लिहिते, आणि हे पत्र आईच्या नकळत जाणार आहे, पहिल्यासारखंच.

तू लिहिलंयस, निळ्या सेडानच्या मागच्या सीटवर आई बसली आणि पहिला खड्डा गेल्यावर म्हणाली, ‘पोटातलं पाणी हललं नाही बघ.’ हे तिने म्हटलं, खरं आहे, मी ऐकलं. हे तू जानेवारीत पांढरीबद्दल लिहिलं होतंस. चौकात वळसा घेताना म्हणाली, ‘शेजारी ठेवलेली पिशवीसुद्धा जागची हलत नाही.’ हे करडीचं. परतताना तू अॅव्हरेजचा आकडा सांगितलास तर म्हणाली, ‘दिसते हत्तीण, खाते चिमणीएवढं.’ हे मागच्या वर्षीच्या डिझेल गाडीचं. तिन्ही वाक्यं तुझी. तिन्ही तू लिहिलेली, मी वाचलेली, तिने पाठ केलेली. तू ती रेकॉर्ड केलीस आणि पुन्हा छापलीस. तीन गाड्यांची तुलना करून तू कुठली चांगली ते ठरवलंस आणि तुझं स्वतःचं वाक्य तुला ओळखू आलं नाही.

मला वाटलं होतं, छापताना तरी लक्षात येईल. तुझ्या कचेरीत कोणाच्या तरी लक्षात येईल. कोणाच्याच आलं नाही. वाचकांची पत्रंही आलीत म्हणे, आई किती गोड बोलतात म्हणून.

तिने हे का केलं ते मी तिला विचारलं. म्हणाली, “तो इतक्या लांबून आला. मला काही सुचलं नसतं आणि गप्प राहिले असते, तर त्याचा हेलपाटा वाया गेला असता. परत कशाला आला असता?” तिला वाटतं, तू त्या छापील बाईला भेटायला येतोस. तिच्याइतकं चांगलं बोलता आलं तर येत राहशील. तिचं काय चुकलं सांग. तीन वर्षांत तू तिला दुसरं काही समजायला जागा ठेवली होतीस का?

आता गाडीत काय झालं ते ऐक. एक पाय आत आणि एक बाहेर, अशी ती कितीतरी वेळ होती, कारण फोटोवाल्याला उजेड हवा होता आणि तू म्हणालास, “आई, एक मिनिट, हसून बघ इकडे.” ती हसली. फोटो अंकात आहे, पानभर. उशी तू काढून मला दिलीस, फोटोत वाईट दिसते म्हणून, आणि मी ती घेतली. म्हणून मी ती हातात धरून बसले होते. चौकात तू वळसा घेतलास तेव्हा ती दाराकडे घसरली, सगळा भार मोडक्या बाजूवर. पिशवीचं वाक्य तिने तेव्हा म्हटलं. मी मागे वळून बघितलं. तिने सीटचा कडेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मी तुला म्हटलं थांब, आणि ती म्हणाली, “अगं, चालू दे त्याला.” तू आरशात बघितलंस. फोन नीट रेकॉर्ड करतोय की नाही ते बघितलंस.

त्या सगळ्या फेरीत ती एकच वाक्य स्वतःचं बोलली. तुला आठवतंय का बघ. सिग्नलला थांबलो होतो. मागच्या सीटवरून तिला तुझी मान दिसत होती. ती म्हणाली, “तुझ्या मानेवरचे केस पिकायला लागले रे.” तू म्हणालास, “आई, गाडीबद्दल सांग ना, गाडीबद्दल.” मग तिने जरा विचार केला आणि पिशवीचं बोलली, कारण चौक आला होता.

मला तुझा राग येतो. असा राग मला फक्त अशा विद्यार्थ्यांचा येतो जे आरसा लावून घेतात आणि त्यात स्वतःचे केस बघतात. माझाही येतो, उशी घेतल्याबद्दल. आईचा तर सगळ्यांत जास्त येतो, आणि तो काढायला मला जागा नाही.

तू गेल्यावर ती दोन दिवस पलंगावरून उठली नाही. दमले म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी जबरदस्तीने व्हॅन बोलावली. आतला एक स्क्रू सरकलाय. डॉक्टरांनी विचारलं काय केलंत, तर म्हणाली, “खुर्चीतून उठताना झालं.” माझ्याकडे बघत म्हणाली. वॉकर आता कोपऱ्यात ठेवलाय. काही आठवडे नुसतं पडून राहायचं, मग पुन्हा चाकू लावायचा की नाही ते ठरेल. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. शपथ मोडली म्हणून मला काही होत असेल तर होऊ दे.

एक सांगायचं राहिलं. तू गेलास त्याच संध्याकाळी मी तिचे पाय उचलून पलंगावर ठेवत होते. ती कुशीवर झाली, डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “पास झाले का गं मी?”

मी इतकी वर्षं माणसं पास-नापास होताना बघितली आहेत. परीक्षेच्या आवारातून येणाऱ्याच्या चालीवरून मला कळतं. तिला म्हटलं, “झालीस.” त्यावर ती हसली आणि खरंच झोपली.

काल तुझा निरोप आला. ‘आई हिट! जूनमध्ये पुढची तुलना, मोठ्या सेडानचीच. पुन्हा येतो. आईला तयार ठेव.’ मी तुला लिहिणार होते की येऊ नकोस, या घराच्या दारात कुठलीच गाडी आणू नकोस, पायी ये, बसने ये, नाहीतर तिथेच मर. लिहून झालंही होतं. मग तो निरोप तिनेच ऐकायला मागितला. तेव्हापासून ती कोपऱ्यातल्या वॉकरकडे बघते आणि म्हणते, “जूनपर्यंत होईन मी उभी.” खालच्या केमिस्टलाही सांगून झालं.

हे वाचून तू धावत येऊन तिच्यापुढे रडलास, आई, मला सगळं कळलं म्हणालास, तर काय होईल ते समजून घे. तिला वाटेल आपण पकडले गेलो. नापास झालो. मग ती तुझ्याशी कधीच काही बोलणार नाही, ना तुझं ना तिचं. तेव्हा तुला कळलं आहे हे तिला कळू द्यायचं नाही. तू तिला फसवत राहा, ती तुला फसवेल, मी मध्ये बसेन ब्रेकवर पाय ठेवून. फक्त उशी काढायची नाही.

आज सकाळपासून तिने जुने अंक काढायला लावलेत, पहिल्यापासून. मी वाचते, ती पुटपुटते. बसण्याच्या सुखाचं तिला चटकन येतं, वळणांचंही येतं, अॅव्हरेजपाशी अडते. म्हणाली, त्याला विचार, या वेळी गाडी कुठली आहे.

तर नाव आधी कळव. पाठ करायला तिला वेळ लागतो.

ताई